वर्षाचा मसाला घरी करताय? परभणीतला खर्च, वेळ आणि लपलेले पैसे

चौघांच्या घराला वर्षाकाठी अडीच किलो काळा मसाला पुरतो. दिवसाला सात ग्रॅम, म्हणजे दोन वेळच्या भाजी-आमटीत मिळून दोन-अडीच छोटे चमचे. तो घरी करायचा तर साहित्य, कांडप, गॅस आणि रिक्षा धरून सव्वाअकराशे रुपयांच्या आत काम होतं. किलोला साडेचारशे पडतात. यापेक्षा बरेच जास्त जात असतील तर पैसे कुठेतरी गळताहेत. बरेच कमी जात असतील तर मालात काहीतरी कमी आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. इथे दिलेले भाव हिशेबासाठी धरलेले आहेत. मसाल्याचे भाव आठवड्याला हलतात, खोबरं आणि वेलची तर फारच. तुमच्या दुकानातला त्या दिवशीचा भाव घालून बेरीज पुन्हा करा. प्रमाण तेच राहील.

कधी करायचा

होळी ते अक्षय्य तृतीया. तोवर नवी मिरची बाजारात आलेली असते, परभणीचं ऊन कडक झालेलं असतं आणि कांडपावरची गर्दी अजून हाताबाहेर गेलेली नसते. मे महिन्यात सगळ्यांनाच घाई असते आणि घाईत कांडपवाला दोन घाण्यांच्या मध्ये यंत्र पुसत नाही. अवकाळी पाऊस झाला असेल तर किमान दोन दिवस थांबा. त्या हवेत मिरची कुरकुरीत होत नाही आणि ओलसर मिरचीचा मसाला पावसाळ्यात जाळं धरतो.

वेळ एकूण पाच दिवस धरा. खरेदीला एक, उन्हाला दोन-तीन, भाजायला अर्धा दिवस आणि कांडपाला रांगेसकट दोन तास. कांडपावर शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. आणि निघण्याआधी वीज आहे का, हे फोन करून विचारा.

कुठे घ्यायचं

परभणी शहरात कच्छी बाजार, गुजरी बाजार आणि नवा मोंढा या भागांत तीन दुकानांत भाव विचारा, मग घ्या. सगळं एकाच दुकानातून घेण्याचा आग्रह धरू नका. धने-खोबरं एका ठिकाणी स्वस्त मिळतं आणि लवंग-वेलची दुसऱ्या ठिकाणी चांगली मिळते. तयार ‘खडा मसाला पाकीट’, म्हणजे किलोभर मिरचीला पुरेल असं बांधून ठेवलेलं मिश्रण, शक्यतो टाळा. त्यात तमालपत्र आणि दगडफूल भरपूर असतं, लवंग-वेलची मोजकी. स्वस्त मालाचं वजन तुम्हाला महागाच्या भावात पडतं.

जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम किंवा पूर्णा इथे राहत असाल तर अडीच किलो मसाल्यासाठी परभणी गाठू नका. साहित्य जवळपास साडेआठशे-नऊशे रुपयांचं. शहरात दहा टक्के स्वस्त मिळालं तरी वाचले पंच्याऐंशी-नव्वद रुपये. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तरीही जाण्यायेण्यात आणि रिक्षात ते संपतात. दुसऱ्या कामाने जाणार असाल तेव्हाच यादी सोबत न्या.

मिरचीसाठी नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादला आणि हळदीसाठी वसमतला जायचं का, हे बरेच जण विचारतात. एका घरासाठी नाही. दहा-पंधरा घरांनी मिळून पोतं घ्यायचं असेल तर जरूर जा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ‘वसमतची’ म्हणून कोणतीही हळद खपवली जाण्याची शक्यताही वाढली आहे. पूड घेऊ नका. हळकुंड घ्या, तोडून बघा, आत गडद नारिंगी रंग हवा.

मिरची: पहिली गळती इथेच

रंगाला ब्याडगी आणि तिखटाला गुंटूर, हे दोन प्रकार घरगुती मसाल्याला पुरेत. अर्धी-अर्धी घेतली तर मध्यम तिखट होतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घरात असतील तर ब्याडगी दोन वाटे, गुंटूर एक वाटा. ‘काश्मिरी’ म्हणून मिळणारी मिरची महाग असते आणि पुष्कळदा ती ब्याडगीच निघते. तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

मिरची घेताना तीन गोष्टी करा. एक मिरची हातात घेऊन मोडा. कट्‌ असा आवाज येऊन तुटली तर वाळलेली आहे. वाकली, चामड्यासारखी लवली तर ओलसर आहे. दुसरं, कानाशी धरून हलवा, बिया खुळखुळल्या पाहिजेत. तिसरं, पोत्यात हात खोल घालून तळाची मूठभर वर काढा. वरच्या थराला सगळीकडे चमक असते, खाली काळपट, डागाळलेली, देठाशी पांढरी बुरशी आलेली मिरची निघते. बुरशीची मिरची निवडून टाकू म्हणून घरी आणू नका. बुरशीचं विष भाजल्याने जात नाही.

आता वजनाचं. देठं काढल्यावर किलोमागे पन्नास-साठ ग्रॅम जातात. दोन-तीन उन्हं दिल्यावर आणखी ऐंशी-शंभर. हे नेहमीचंच. पण मिरचीवर पाणी शिंपडलेलं असेल तर घट याहून बरीच जास्त येते आणि ते पाणी तुम्ही मिरचीच्या भावाने घेतलेलं असतं. म्हणून घरी आणल्यावर एकदा आणि उन्हं झाल्यावर एकदा वजन करा. पुढच्या वर्षी त्या दुकानात जायचं की नाही, हे तो फरक सांगेल. काही दुकानांत बिनदेठाची मिरची वेगळी मिळते. किलोमागे वीस रुपयांपर्यंत जास्त असेल तर परवडते, त्याहून जास्त असेल तर देठं घरीच खुडा.

वर्षाचं साधं लाल तिखटही याच फेरीत उरकून घ्या. दोन किलो ब्याडगी ३६० च्या भावाने आणि एक किलो गुंटूर २४० ने धरली तर ९६० रुपये. देठं आणि घट जाऊन कांडपाला दोन किलो सहाशे ग्रॅमच्या आसपास मिरची जाते. किलोला ६० रुपयांनी कांडप १५६. हातात अडीच किलो तिखट येतं, तेही किलोला ४४५-४५० ला.

काळ्या मसाल्याचं प्रमाण आणि बेरीज

धने एक किलो. ब्याडगी पाव, गुंटूर पाव. सुकं खोबरं अर्धा किलो. तीळ सव्वाशे ग्रॅम, जिरे शंभर. दगडफूल, बडीशेप आणि हळकुंड प्रत्येकी पन्नास. शहाजिरे, लवंग, दालचिनी, मिरी, तमालपत्र, चक्रीफूल आणि मसाला वेलची प्रत्येकी पंचवीस. नागकेशर आणि जायपत्री दहा-दहा. खडा हिंग वीस ग्रॅम. खडेमीठ शंभर ग्रॅम, तळायला दोनशे मिली तेल. प्रत्येक घराचं प्रमाण थोडं इकडेतिकडे असतं आणि असावं, पण खर्चाचा अंदाज यावरून येतो.

धने १६० रुपये, मिरच्या दोन्ही मिळून १५०, खोबरं १८०, तीळ २५, जिरे ३५. इथपर्यंत साडेपाचशे. उरलेल्या सगळ्या खड्या मसाल्याला, हळकुंड आणि हिंगासकट, २७० च्या आसपास. त्यातल्या एकट्या मसाला वेलचीचे ५०, दगडफुलाचे ३०, हिंगाचे ३०. तेल-मीठ ३५. साहित्य झालं ८५५. कांडप १६०, गॅस ४०, रिक्षा ६०. एकूण १,११५.

पैसे वाचवायचे असतील तर लवंग-वेलची कमी करून काही होत नाही, दहा-वीस रुपयांचा फरक पडतो आणि मसाला फिका होतो. मोठा आकडा खोबऱ्याचा आहे. खोबरं महाग असेल तेव्हा निम्मंच घाला किंवा मसाल्यात घालूच नका. स्वयंपाक करताना त्या दिवसापुरतं भाजून वाटा. खोबऱ्याशिवायचा मसाला जास्त टिकतो, हा वरचा फायदा. खवट वासाचं, आतून पिवळट पडलेलं खोबरं मात्र फुकट मिळालं तरी नको. ते अडीच किलो मसाला बिघडवतं.

खड्या मसाल्यातली फसवणूक ओळखायला फार वेळ लागत नाही. लवंगेला वर टोपी हवी आणि नखाने दाबल्यावर तेलाचा ओलावा हवा. तेल काढून घेतलेली लवंग सुकी, हलकी असते, पाण्यात टाकली तर तरंगते. चांगली लवंग खाली बसते. मिरीत पपईच्या बिया मिसळल्या असतील तर त्या पाण्यावर तरंगतात. जिरे तळव्यावर चोळा. हाताला काळं लागलं तर कोळशाने रंगवलेलं गवताचं बी त्यात आहे. हिंगाचा कण चमच्यावर धरून पेटवा, चांगला हिंग कापरासारखा जळतो. दगडफूल घरी नेऊन निवडताना झाडाची साल, काड्या आणि माती निघते, म्हणून मोकळं, निवडलेलं मागा आणि चार पैसे जास्त द्या. दुकानदार ‘बघू नका, एक नंबर आहे’ म्हणत असेल तर तिथे जास्त बघा.

भाजण्याबद्दल थोडक्यात: प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा. धने कोरडे, खोबरं कोरडं, मिरची आणि खडा मसाला थोड्या तेलात, हळकुंड आणि हिंग तळून. तीळ तडतडले की लगेच उतरवा. मिरची काळी पडू देऊ नका, तांबूस असतानाच काढा. मसाल्याचा काळा रंग धने-खोबऱ्याच्या भाजण्यातून यायला हवा, जळक्या मिरचीतून नाही. भाजताना खिडक्या उघड्या ठेवा आणि दम्याचं कुणी घरात असेल तर त्यांना दोन तास शेजारी पाठवा.

कांडपावर काय विचारायचं

भाव सांगितला की लोक थांबतात. पुढचे प्रश्न महत्त्वाचे आहेत.

वजन कशाचं? पुष्कळ ठिकाणी डबा तसाच काट्यावर चढतो. स्टीलचा मोठा डबा आठशे ग्रॅमचा असतो. ६० रुपये किलोने तुम्ही डब्याच्या कांडपाचे ४८ रुपये देता. रिकामा डबा आधी काट्यावर ठेवा, आकडा शून्य करायला सांगा, मग मसाला ओता. काट्यावर वैधमापन विभागाचा पडताळणी शिक्का चालू वर्षाचा आहे का, तेही पाहा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करावी लागते.

कमीत कमी किती? काही जण किलोच्या आतल्या मालाला पूर्ण किलोचे पैसे घेतात. दोन किलो सहाशेला तीन किलो धरतात का, हे आधी विचारा.

भावात काय काय आलं? भाजून देणं, देठं खुडणं, चाळणं, वरून तेल, मीठ, पिशवी यांचे पैसे वेगवेगळे लागू शकतात. सगळं मिळून किती, हा एकच आकडा सांगायला लावा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. भाजून देतो म्हणाले तर नको म्हणा. त्यांच्या मोठ्या कढईत तुमच्याआधी कुणाचं काय भाजलंय ते दिसत नाही आणि तेल कोणतं तेही कळत नाही.

माझ्याआधी काय कांडलं? हा प्रश्न विचारायला लाजू नका. नुकतीच लवंगी मिरची निघाली असेल तर तुमचा मध्यम मसाला तिखटजाळ होईल. घरून पसाभर जास्तीचे धने न्या, ते आधी फिरवायला लावा आणि बाजूला काढा. हळद कांडायची असेल तर ती नेहमी शेवटी.

किती परत येणार? अडीच-पावणेतीन किलो मालात पन्नास ते शंभर ग्रॅम घट चालते. कुंडीला चिकटतो, हवेत उडतो. दीडशेच्या वर गेली तर कुंडी आणि चाळणी झाडून द्यायला सांगा. चाळणीवर राहिलेला चोथा तुमचा आहे. तो पुन्हा कांडून घ्या किंवा घरी आणा, रस्सा उकळताना फडक्यात बांधून टाकता येतो.

डंक्याचं कांडप घ्यायचं की चक्कीवर दळायचं? डंका सावकाश कुटतो, मसाला कमी तापतो, वास राहतो. चक्की पटकन आणि बारीक दळते, पण मसाला गरम निघतो. काळ्या मसाल्याला डंका, नुसत्या तिखटाला चक्की चालेल. किलोच्या आतला मसाला घरच्या मिक्सरवर करा, विजेचा खर्च दोन-चार रुपयांपलीकडे जात नाही. मात्र अख्खं हळकुंड मिक्सरमध्ये घालू नका, पातं आणि भांडं दोन्ही जातात. खलबत्त्यात फोडून मगच घाला.

मसाला निघाला की गरम असतानाच डब्यात दाबू नका. पसरट ताटात किंवा स्वच्छ कापडावर तासभर निववा. गरम बंद केलेला मसाला आतून घामेजतो आणि श्रावणापर्यंत कुबट वास धरतो. भरायला चिनी मातीची बरणी किंवा काच. रोजच्या वापराला छोटी बाटली वेगळी ठेवा आणि मोठी बरणी महिन्यातून एकदाच, कोरड्या हातांनी उघडा. खोबरं घातलेला मसाला पावसाळ्यापासून फ्रिजमध्ये.

येसर: स्वस्त आहे, महाग घेऊ नका

लग्नाकार्यातल्या येसर आमटीचं येसर घरी करायला काळ्या मसाल्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, कारण त्यात दोन तृतीयांश धान्य असतं. गहू, ज्वारी आणि हरभरा डाळ पाव-पाव किलो, तांदूळ आणि उडीद डाळ शंभर-शंभर ग्रॅम, धने पाव किलो, मिरची शंभर ग्रॅम, जिरे पन्नास ग्रॅम आणि पन्नासेक ग्रॅम खडा मसाला. सगळं कोरडं खमंग भाजायचं. साहित्य १९० रुपये, दळण ४०, हातात येतं सव्वा किलोच्या वर. किलोला पावणेदोनशे ते दोनशेच्या मध्ये पडतं. म्हणून येसर कुणी काळ्या मसाल्याच्या भावाने देत असेल तर विचारा, धान्य किती आणि मसाला किती. पिठाच्या गिरणीवर ते बहुधा दळून देत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, पुढच्या गिऱ्हाईकाच्या पिठाला वास लागतो. मसाल्याच्या चक्कीवरच न्या.

मटण-चिकनला लावून ठेवायचा मसाला

घरचा मसाला असेल तर तयार मॅरिनेशनच्या पुडीची गरज उरत नाही. एक किलो चिकनला दीडशे ग्रॅम घट्ट दही, दोन चमचे आलं-लसूण, अर्धा चमचा हळद, वीस ग्रॅम काळा मसाला, एका लिंबाचा रस, दोन चमचे तेल, चवीला मीठ. खर्च पंचेचाळीस ते पन्नास रुपये. चिकन एक ते चार तास पुरे. मटण रात्रभर ठेवा आणि मांस जून वाटत असेल तर कच्च्या पपईचा एक-दोन चमचे वाटलेला गर लावा. जास्त नको, मांसाचा लगदा होतो.

दुकानात ‘मसाला लावून तयार’ मिळणारं चिकन घेताना वजन कशाचं आहे ते बघा. दही, पाणी आणि मसाला धरून किलो होत असेल तर त्यात चिकन आठशे ग्रॅमच्या आसपासच असू शकतं आणि भाव मात्र साध्या चिकनपेक्षा जास्त. आधी कोरडं चिकन तोलून घ्या आणि मसाला घरी लावा. लावून ठेवलेलं मांस फ्रिजमध्येच ठेवा. परभणीच्या उन्हाळ्यात ओट्यावर तासभरही धोक्याचं आहे. अ‍ॅल्युमिनियम, पितळ किंवा तांब्याचं भांडं वापरू नका, दही आणि लिंबाने कळकतं. स्टील किंवा काच घ्या. आणि कच्च्या मांसाला लावलेला उरलेला मसाला शिजलेल्या तुकड्यांवर ओतायचा नाही. वापरायचाच तर चांगला उकळून घ्या.

पुण्या-मुंबईहून आलेल्या मुलांना टॅको किंवा फहितासाठी मेक्सिकन मसाल्याची पुडी हवी असते. ती मागवू नका. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या आणि मेक्सिकन धाटणीच्या त्या मसाल्यात मुख्य जिन्नस लाल मिरची, जिरे, लसूण आणि ओरेगॅनो. यातले तीन तुमच्या घरात आहेत. चार चमचे ब्याडगीचं तिखट, दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, एक चमचा धनेपूड, एक चमचा वाळलेल्या लसणाची पूड, अर्धा चमचा मिरपूड, मीठ. पिझ्झासोबत आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या साठवलेल्या असतील तर त्या घाला, नसतील तर पाव चमचा चुरडलेला ओवा. वीस रुपयांच्या आत काम होतं. लिंबाचा रस आणि तेलात कालवून चिकनला किंवा पनीरला अर्धा-एक तास लावा.

विकतचाच घ्यायचा असेल तर

शंभर ग्रॅमच्या पुडीवरची किंमत दहाने गुणा, म्हणजे किलोचा खरा भाव कळतो. छोट्या पुड्यांचा भाव मोठ्यापेक्षा बऱ्याचदा जास्त असतो. मग पाठीमागची घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. काळ्या मसाल्याच्या यादीत मीठ दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर असेल तर तुम्ही मीठ मसाल्याच्या भावाने घेताय. छापील किमतीत जीएसटी धरलेलाच असतो, वर वेगळा मागितला तर देऊ नका. मसाल्याची पूड सुटी विकायला कायद्याने परवानगी नाही, ती बंद पाकिटातच विकली पाहिजे. आठवडी बाजारात ढीग लावून मिळणारं लालभडक तिखट घेऊच नका.

घरी तपासायचं असेल तर ग्लासभर पाण्यात चमचाभर तिखट वरून सोडा. रंगाच्या रेघा उतरू लागल्या तर रंग मिसळला आहे. तळाशी रवाळ, विटकरी गाळ बसला तर विटेची पूड. हळदीचंही तसंच: चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंगवलेलीचं पाणी गडद होतं.

संशय आला तर पाकीट, बिल आणि उरलेला मसाला जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार तुम्ही स्वतः शुल्क भरून नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. अट एवढीच, की तपासणीचा तुमचा इरादा खरेदीच्या वेळी दुकानदाराला सांगावा लागतो. मालात दोष निघाला तर भरलेलं शुल्क परत मिळतं. नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं असेल तर पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. वकीलही बंधनकारक नाही.

घरून विकत असाल तर

शेजारपाजारच्या ऑर्डरी घेत असाल तरी अन्न नोंदणी हवी. अर्ज ऑनलाइन, फॉस्कोस संकेतस्थळावर. छोट्या विक्रेत्यासाठी फॉर्म ए. कागद लागतात ते फोटो आणि सरकारी ओळखपत्र. जागा भाड्याची असेल तर जागेचा कागदही तयार ठेवा. शुल्क वर्षाला १०० रुपये. एजंट या कामाचे हजार-दोन हजार मागतात. ते पैसे तुमचा फॉर्म भरून देण्याचे आहेत, सरकारी शुल्क नाही. बचत गटातली शिकलेली मुलगी मोबाईलवर हा अर्ज भरू शकते. पाकिटावर १४ अंकी नोंदणी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, वापरण्याची मुदत, शाकाहारी चिन्ह आणि तुमचा पत्ता हवा.

कांडप यंत्र घ्यायचा विचार असेल तर पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. गटातल्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल. यंत्राला आगाऊ रक्कम देण्याआधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन योजनेत अर्ज घेणं सुरू आहे का, ते विचारा. तिथले जिल्हा संसाधन व्यक्ती प्रस्ताव करायला मदत करतात. प्रशिक्षणाची चौकशी वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात करा, ते परभणीतच आहे.

आणि विक्रीचा भाव ठरवताना स्वतःची मजुरी धरा. बहुतेक जणी ती धरत नाहीत. दहा किलोच्या घाण्याचा हिशेब मांडून बघा: साहित्य ३,४२०, कांडप ६४०, गॅस १५०, रिक्षा १००, दोघींचे दोन-दोन दिवस ३५० रुपये रोजाने १,४००, पाव किलोची चाळीस पाकिटं आणि लेबलं ४००. झाले ६,११० रुपये. नफ्याचा रुपयाही न धरता किलोला ६११. साहित्य घाऊक घेतलं तर थोडं खाली येईल, एवढंच. त्यामुळे बचत गटातल्या ताईंनी चांगल्या काळ्या मसाल्याचे किलोला सातशे सांगितले तर तो भाव रास्त आहे. घरात दोघंच असाल, वर्षाला किलोभरच लागत असेल, तर पाच दिवसांचा खटाटोप करू नका. मूठभर हातावर घेऊन वास बघा, पाकिटावरचा नोंदणी क्रमांक बघा आणि घासाघीस न करता त्यांच्याकडूनच घ्या.